मापांच्या वहीची मागची पाने

९ मार्च २०२४, शनिवार
ही वही पुढून गिऱ्हाइकांची. छाती, कंबर, मुंढा, बाहीची लांबी, गळा पुढचा, गळा मागचा. मागची पाने कोरीच राहतात, तिथे आजपासून माझे लिहिणार.

म.चे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, प्रकरण अखेर हलले. जानेवारी २०२३ मध्ये मी त्याच्यासाठी आय-१३०, म्हणजे त्याला अमेरिकेत आणायचा अर्ज, भरला होता, तो गेल्या महिन्यात मंजूर झाला. आज न्यू हॅम्पशायरच्या एनव्हीसीकडून, म्हणजे नॅशनल व्हिसा सेंटरकडून, मेल आला. केस नंबर ‘बीएमबी’ने सुरू होतो. त्यातला एम.बी. मुंबईचा असावा असे मनाशी धरून बरे वाटले. दोन फिया भरल्या, त्याच्या अर्जाचे ३२५ डॉलर आणि माझ्या हमीपत्राचे १२०.

लग्न खरे आहे हे सिद्ध करणे अवघड जाईल असा माझा समज होता. त्यासाठी सांगलीच्या कार्यालयातले फोटो, विमानाची तिकिटे, फोनची बिले असे सगळे गठ्ठा करून ठेवले होते. त्याबद्दल एक प्रश्न आला नाही. आता विचारणा आहे ती मी नवरा पोसू शकते का याची. फॉर्मचे नाव आय-८६४.

१० मार्च, रविवार
सकाळी म.ला फोनवर फॉर्म वाचून दाखवला. दहा-बारा पाने. हा नवरा-बायकोतला कागद नाही, माझा अमेरिकन सरकारशी करार आहे. त्याने सरकारी मदत घेतली तर सरकार ती माझ्याकडून वसूल करू शकते. मी पोसले नाही तर तो स्वतः माझ्यावर दावा लावू शकतो. तो सिटिझन होईपर्यंत, किंवा त्याच्या कामाची चाळीस क्वार्टर, म्हणजे साधारण दहा वर्षे, भरेपर्यंत ही जबाबदारी माझी. तो कायमचा परत गेला किंवा दोघांतले एक गेले, तरी संपते. घटस्फोटाने मात्र ही जबाबदारी सुटत नाही.

“म्हणजे घटस्फोट झाला तरी तू मला पोसणार?” तो म्हणाला.
“हो.”
“मग भांडायला हरकत नाही.”

मिरजेकडच्या माणसाचा विनोद. मागून सासूबाईंचा आवाज आला, “सुनेच्या पगारावर जायचं म्हणजे…” पुढचे त्याने ऐकू दिले नाही. आयटीआयमध्ये सतरा वर्षे लेथवर पोरे घडवणारा माणूस. पोसणे हा शब्द मीच वापरायला नको होता.

१७ मार्च, रविवार
टॅक्सवाल्यांकडे. दर वर्षी आमचे एकच बोलणे होते, खर्च शोधा. एडिसनमधल्या ओक ट्री रोडजवळच्या गाळ्याचे भाडे, वीज, दोरे, अस्तर, हुक, फॉल, मशीनची दुरुस्ती, गाडीचे मैल, अर्धा फोन. २०२३ मध्ये नवे ओव्हरलॉक घेतले, ते एकाच वर्षात पूर्ण खर्ची टाकले. हे सगळे शेड्यूल सी वर जाते आणि खाली उरतो तो नफा. गल्ल्यात वर्षभरात ६१,४०० डॉलर आले. रिटर्नवर माझे एकूण उत्पन्न २४,३८०.

मी विचारले, गल्ल्याचा आकडा दाखवता येणार नाही का? ते चष्म्यावरून बघत राहिले. “ताई, आयआरएसला सांगितलंत तेच तुमचं उत्पन्न. तिकडे कमी आणि इकडे जास्त, असं कसं चालेल?”

खर्च खोटा एकही नाही, हे मी इथे लिहून ठेवते. तरी इतकी वर्षे तो आकडा खाली आला की मला आनंद व्हायचा, हेही खरे.

२३ मार्च, शनिवार
आज आकडेमोड. नियम असा की दारिद्र्यरेषेच्या सव्वापट उत्पन्न हवे. (पत्नीला किंवा पतीला आणणारा लष्करात सेवेवर असेल तर एकपट पुरते.) या वर्षीच्या तक्त्यात दोघांच्या घराला २५,५५० आणि तिघांच्या घराला ३२,२७५ डॉलर.

आमचे घर तिघांचे. मी, येणारा म. आणि आई. आई माझ्या रिटर्नवर अवलंबित म्हणून आहे, त्यामुळे ती मोजावीच लागते. टॅक्सवाल्यांनी मागच्या रविवारी हळूच सुचवले होते की रिटर्न अजून पाठवलेला नाही, या वर्षी आईंना वगळा, घर दोघांचे होईल. मग तूट हजारबाराशेचीच राहते. मी नको म्हटले. आईला सांगितले तेव्हा ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, “वगळ की. मी काय कागदावर जेवते?” पण वगळली नाही. तिचा खर्च मी करते, ती माझ्या घरात राहते. नवऱ्यासाठी खरे कागद जमवताना पहिलीच ओळ वाकडी नको.

तूट ७,८९५. ती मालमत्तेने भरून काढता येते, पण सिटिझनच्या जोडीदारासाठी तुटीच्या तिप्पट दाखवावी लागते. बाकी बहुतेक नात्यांना पाचपट. तिप्पट म्हणजे २३,६८५. बँकेत माझे ८,६०० आहेत. आईने पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. मालमत्ता वर्षाच्या आत रोख होणारी हवी, तेव्हा सोने अगदीच बाद नाही, पण त्याची किंमत ठरवणार कोण आणि ऑफिसर ती मानणार का, कुणास ठाऊक. पाटल्या तिला परत घालायला लावल्या. त्या आता निघतात सहज. हात किती बारीक झालेत.

म.चा पीएफ आणि एक एफडी आहे. येणाऱ्याचीही मालमत्ता धरता येते. पण नोकरी सोडल्याशिवाय पीएफ निघत नाही आणि व्हिसा हातात आल्याशिवाय त्याने नोकरी सोडू नये.

२ एप्रिल, मंगळवार
लायब्ररीत ही दारिद्र्यरेषा कुठून आली ते वाचले. सोशल सिक्युरिटीच्या कचेरीत मॉली ओरशान्स्की नावाच्या बाई होत्या. १९६३-६४ च्या सुमारास त्यांनी हिशोब मांडला की कुटुंब उत्पन्नाचा तिसरा हिस्सा जेवणावर घालवते, तर शेतीखात्याने आखलेला सर्वांत स्वस्त आहार घ्या आणि त्याला तीनने गुणा. म्हणजे मूळ माप वाणसामानाचे. पुढे महागाईप्रमाणे ते फक्त वाढवत नेले. घरभाडे किती वाढले याचा त्यात वेगळा विचार नाही.

चाळीस वर्षांपूर्वीच्या मापावर ब्लाऊज शिवून सगळीकडून दोन बोटे सोडावे, तसे. एडिसनमध्ये ३२ हजारांत तीन माणसे कशी राहतात ते मला विचारा. पण माझे मापच त्यात बसत नाही, तेव्हा बोलणार कोण.

९ एप्रिल, मंगळवार, पाडवा
आईला घेऊन पार्सिपनीला काकांकडे गेले. काकूने श्रीखंड केले होते. जेवण होईपर्यंत विषय काढला नाही. आपले उत्पन्न कमी पडले तर दुसरा कुणी जॉइंट स्पॉन्सर म्हणून सही करू शकतो. तो नातेवाईक असायलाच हवा असे नाही. सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला, अमेरिकेत राहणारा आणि त्याच्या एकट्याच्या उत्पन्नात त्याचे घर अधिक येणारा माणूस बसला पाहिजे. माझे आणि त्याचे उत्पन्न एकत्र धरता येत नाही. काकांची पेन्शन आणि सोशल सिक्युरिटी मिळून ते भरते. काका, काकू, म., म्हणजे तिघांचाच तक्ता.

कुणाकडे पैसे उसने मागायचे तर आकडा सांगता येतो आणि परत कधी देणार तेही. इथे एक पैसाही मागायचा नसतो. मागायची ती त्या माणसाची पुढची दहा वर्षे. वाटी हातात धरून मी तसे कसेबसे बोलले.

काका लगेच म्हणाले, “कुठे करायची सही?” मग आत जाऊन एक जुनी फाइल घेऊन आले. २००१ साली बाबांना, आईला आणि मला आणताना त्यांनी हाच फॉर्म भरला होता. मी तेव्हा चौदा वर्षांची. आम्हाला विमानतळावर आणायला आलेले काका आठवतात, आईसाठी त्यांनी आणलेला जाड कोट आठवतो. त्यांनी आमच्या जेवणाची हमी लिहून दिली होती, हे बाबांनीही कधी सांगितले नाही. काकू म्हणाली, “त्या वर्षी आमच्या दादाला गाडी घ्यायची होती, ती नाही घेतली. उत्पन्न तितकंच, आणि खाणारी सहा झाली होती कागदावर.” आम्ही तिघे सिटिझन झालो तेव्हा काका त्या हमीतून सुटले.

“आता तर सोपं आहे,” काका म्हणाले, “मी अठ्ठ्याहत्तर. मी गेलो की माझी हमीही गेली.” आई त्यांना रागावली. सणाच्या दिवशी असे बोलू नये म्हणाली.

१२ एप्रिल, शुक्रवार
रात्री दादाचा, काकांच्या मुलाचा, फोन. त्याने फॉर्म शब्दन्‌शब्द वाचला होता. “तुझ्यावर अविश्वास नाही गं. पण बाबांच्या पश्चात आधीचं काही देणं निघालं तर ते इस्टेटीवर येतं. उद्या त्यांना नर्सिंग होम लागलं तर? तुझा नवरा मी दोनदा पाहिलाय.”

मी म्हटले, बरे. फोन ठेवला आणि एका बाईचा नऊवारीवरचा ब्लाऊज दोनदा उसवला.

दादाचे एकही वाक्य चूक नव्हते. चीड आली ती त्याचमुळे. दुसरी गोष्ट म्हणजे, ज्याची गाडी माझ्यामुळे राहिली त्याच्याशी मी भांडणार कशी.

१४ एप्रिल, रविवार
काकांनी टॅक्सचे कागद आणि सही केलेला फॉर्म पाकिटात घालून पाठवला. दादाशी त्यांचे बोलणे झाले की नाही, मी विचारले नाही. पाकीट कपाटात, जरीच्या काठांच्या डब्याखाली ठेवले.

६ मे, सोमवार
नोकरी धरली. फॉर्म नीट वाचला तर त्यात मुख्य प्रश्न चालू उत्पन्नाचा आहे. गेल्या वर्षीचा रिटर्न जोडायचा, पण तोलायचे ते आजचे. म्हणजे आज पगार सुरू झाला तर तो धरतात, मात्र तो टिकाऊ वाटला पाहिजे.

लग्नाचे गाऊन विकणाऱ्या एका दुकानात आल्टरेशनचे काम आहे. आठवड्याला वीस तास, तासाला अठरा डॉलर, पगारातून टॅक्स कापून, रीतसर. वर्षाचे १८,७२० होतात. माझ्या दुकानाचे तास घटतील, तो नफा मी १७,५०० धरला. बेरीज ३६,२२०. तिघांचे माप भरून वर थोडे उरते.

मालकीणबाईंनी पत्र लिहून दिले. पद, पगार, तास, कधीपासून, कायम की हंगामी. “कायम” लिहिताना त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली.

२७ जून, गुरुवार
गाऊनला सहा थर असतात. वरचा उचलायचा, खालचा उचलायचा, आत जाळी, त्याच्या आत अस्तर, आणि प्रत्येकाची दुमड वेगळी. एका मुलीचा घेर चार इंच उचलायला मला साडेपाच तास लागले. सांगलीत परकराला नाडी घालायला बसलेली मी इथे गुडघ्यांवर बसून, तोंडात टाचण्या धरून, साटीनभोवती फिरते. घरी येते साडेनवाला. तेव्हा सांगलीत सकाळचे सात. म. चहा घेऊन फोनवर बसलेला असतो.

१८ ऑगस्ट, रविवार
चौदा आठवड्यांच्या पे-स्लिपा जमल्या. आज सगळे वर चढवले. आय-८६४, आयआरएसचे ट्रान्स्क्रिप्ट, शेड्यूल सी, नोकरीचे पत्र, स्लिपा, बँकेचे सहा महिन्यांचे कागद. उत्पन्न गेल्या वर्षीपेक्षा जास्त का, याचे अर्ध्या पानाचे पत्रही. म.चे पोलीस क्लिअरन्स आणि जन्मदाखला त्याने तिकडून दिला. काकांचे पाकीट जोडले नाही. हात एकदा तिकडे गेला होता.

७ सप्टेंबर, शनिवार, गणेश चतुर्थी
मोदक वाफेला लावले होते, तेवढ्यात एनव्हीसीचा मेल. कागद पूर्ण आहेत, मुलाखतीच्या रांगेत लावले आहे. याला सगळे ‘डीक्यू झालं’, म्हणजे डॉक्युमेंटरिली क्वालिफाइड, म्हणतात. आईला वाटले काहीतरी नापास झाले.

११ डिसेंबर, बुधवार
आज मुंबईत बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखत. इथे मध्यरात्र, मी जागीच. सातवीच्या परीक्षेला पोराला सोडून आई फाटकाशी उभी राहते, तशी फोनजवळ.

पहाटे सव्वादोनला त्याचा फोन आला. लग्नाबद्दल दोन प्रश्न, बाकी पैशाचे. बायको काय करते? “शिवते,” हा म्हणाला. नोकरी की स्वतःचे दुकान? “दोन्ही.” ताज्या पे-स्लिपा मागितल्या. मी मागच्या आठवड्यात पाठवलेल्या त्याने प्रिंट काढून नेल्या होत्या. ऑफिसरने वरची एक पाहिली आणि पासपोर्ट ठेवून घेतला.

लग्नाला १८ डिसेंबरला दोन वर्षे होतात. त्याआधी इथे उतरला तर दोन वर्षांचे सशर्त कार्ड, नंतर उतरला तर थेट दहा वर्षांचे. तिकीट २३ चे काढायला सांगितले. फॉर्म भरभरून मी एवढी तरी हुशार झाले.

१५ डिसेंबर, रविवार
पार्सिपनी. काकांचे पाकीट परत दिले. त्यांनी उघडून पाहिले, आतली सही तशीच. “लागलंच नाही?” म्हणाले. आवाजात जरा नाराजी होती असे मला वाटले, काकूला तसे वाटले नाही. दादा मुलांना घेऊन आला होता. म.ला विमानतळावरून आणायला मोठी गाडी आपणच काढू म्हणाला, सामान बरेच असेल.

निघताना काकांनी एक कोट पुढे केला. अंग आटल्यामुळे बाह्या लांब पडतात. दोन्ही बाह्या सव्वा इंच कमी. शनिवारी देईन म्हटले. माप वहीच्या पुढच्या बाजूला लिहिले आहे.