इस्रायल आळीतील पाचवी संध्याकाळ

मुंबईच्या गेटवेवरून सुटलेली बोट सुमारे तासाभरात मांडव्याला लागते. तेथून बसने अलिबाग गाठले, की बाजारपेठेजवळच इस्रायल आळी लागते. गेल्या डिसेंबरात मी तेथे गेलो, तो एका घरच्या सणासाठी. माझा वैद्यकीय महाविद्यालयातील मित्र इस्रायलमध्ये अश्दोद येथे स्थायिक झाला आहे. तो, त्याची मुलगी आणि 2 वर्षांचा नातू हनुक्कासाठी मूळ घरी आले होते. मित्राच्या आईंचे वय 82. त्यांना कंपवात आहे. त्यांची सारी शुश्रूषा थोरल्या वहिनी एकट्याने करतात. गेली 4 वर्षे वहिनी मला दूरध्वनीवरून लक्षणे कळवीत आणि मी औषधांविषयी सल्ला देत असे.

हनुक्का हा आठ रात्रींचा दीपोत्सव. ख्रिस्तपूर्व 164 च्या सुमारास यहुद्यांनी जेरुसलेमचे मंदिर ग्रीक राजवटीकडून परत मिळवले. तेथील दिव्यापुरते शुद्ध तेल एकाच दिवसाचे उरले होते, ते आठ दिवस पुरले, अशी श्रद्धा आहे. कोकणातील बेने इस्रायल समाजात मात्र हा सण मुळात नव्हता. नवगावजवळ जहाज फुटून त्यांचे पूर्वज किनाऱ्याला लागले, ते या घटनेच्याही आधी मायभूमी सोडून निघाले होते, असे परंपरा सांगते. येथे त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळणाऱ्या या समाजाला तेलाचा हा सण पुष्कळ उशिरा कळला. आज या आळीत 1848 साली स्थापन झालेले मागेन अबोथ हे प्रार्थनामंदिर आहे. प्रार्थना हिब्रूत होते आणि घरातले बोलणे मराठीत.

मी पोहोचलो ती पाचवी संध्याकाळ होती. ओटीवरच्या मेजावर विजेवर चालणारे दिवे मांडलेले दिसले. आई मात्र आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. वहिनी म्हणाल्या, “डॉक्टर, तुम्हीच सांगितलेत ना, हात कापतो, घरात लहान मूल आहे, ज्योत नको म्हणून? चार रात्री झाल्या, आई बाहेर येतच नाहीत. पन्नास वर्षे या घरातला दिवा त्यांनी लावला आहे.”

माझा सल्ला चुकीचा नव्हता, अपुरा होता. धोका टाळण्याच्या घाईत मी माणसालाच टाळले होते. आम्ही पुन्हा विचार केला. कंपवाताच्या औषधाचा परिणाम आईंना साधारणपणे डोस घेतल्यावर तासाभराने चांगला जाणवतो. तेव्हा दिव्याची वेळ त्यानुसार ठरवली. हातांची खुर्ची मेजाला लावली, जेणेकरून कोपराला आधार मिळेल. सिंथेटिक साडीऐवजी सुती साडी आणि पदर खोचलेला. वातींचे दिवे जड पितळी ताटात, भिंतीच्या बाजूला. मूल आजोबांच्या मांडीवर, मेजापासून चार हात दूर. तळणीची कढई मागच्या चुलीवर आणि स्वयंपाकघराचे दार बंद. भाजलेच, तर वीस मिनिटे नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली धरायचे. हळद, दंतमंजन किंवा बर्फ लावायचा नाही, हेही सर्वांना सांगून ठेवले.

हनुक्काच्या दीपमाळेत एक जादा दिवा असतो. त्याला ‘शमाश’, म्हणजे सेवक, म्हणतात. तो आधी लावायचा आणि त्याच्या ज्योतीने बाकीचे. आईंनी तो हातात घेतला. वहिनींनी त्यांच्या हाताखाली आपला हात धरला. कंप होताच, पण पाचही वाती पेटल्या. नातीचा मुलगा हिब्रूत काहीतरी पुटपुटला. आई त्याला म्हणाल्या, “दिवा.” त्याने लगेच म्हटले, “दिवा.”

फराळाला घारगे होते. गिळण्यास त्रास होत असल्याने आईंना ताठ बसवून, लहान लहान घास दिले. मुलाच्या वाट्याच्या खाऊतून शेंगदाणे आणि सोनेरी कागदातली गोल चॉकलेटे बाजूला काढली. या वयात अशा वस्तू श्वासनलिकेत अडकू शकतात.

या सणाची एक रीत मला ठाऊक नव्हती. त्या दिव्यांचा उजेड कामासाठी वापरायचा नसतो, आणि ज्योती तेवत असताना, किमान अर्धा तास, घरच्या स्त्रियांनी काम करायचे नसते. वहिनी आईंच्या शेजारी बसल्या. बऱ्याच वेळाने मी विचारले, “वहिनी, तुमची झोप होते का?” त्या काही बोलल्या नाहीत, डोळे मात्र भरून आले. रात्री तीनदा उठावे लागते, पाठ दुखते, महिनोन्‌महिने घराबाहेर पडलेल्या नाहीत, हे हळूहळू कळले. चार वर्षांच्या संभाषणांत मी त्यांना हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. त्यांचा रक्तदाब त्या रात्री मी प्रथमच मोजला. तो वाढलेला होता.

दुसऱ्या दिवशी मित्राने रात्रीसाठी मदतनीस बाईंची व्यवस्था केली, आणि वहिनींची तपासणी स्थानिक डॉक्टरांकडे सुरू झाली.

आठ रात्रींत शमाश धरून 44 दिवे लागतात. पण सणाच्या हिशेबात 36 च धरतात. सेवकाची मोजणी होत नाही. आपल्या घरातही कोणाची तरी मोजणी अशीच राहून जाते. वाचकहो, आपल्या घरी रुग्ण असेल, तर त्याच्या हातून जे काम अजून होण्यासारखे आहे, ते त्याच्याकडेच राहू द्या. आधार द्या, पण काम काढून घेऊ नका. आणि जो आधार देतो त्याला रोज अर्धा तास हक्काने बसू द्या. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल, तेव्हा रुग्णाच्या कागदांसोबत त्याचीही विचारपूस व्हावी, एवढे पाहा.