आधी वही, मग मत

दरवर्षी बी.एड.चे छात्राध्यापक आमच्या उर्दू शाळेत येतात. त्यांना कृतिसंशोधनाचा अहवाल लिहायचा असतो. अनेकांचे विधान येतानाच तयार असते : ‘उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठीची आवड नाही.’ कारण ठरलेले, उपायही ठरलेला; राहिलेला असतो तो फक्त तपास!

आम्ही त्यांना सांगतो, आधी ३० वह्या घ्या आणि चुका मोजा. मोजल्यावर वेगळेच दिसते. मूल ‘पुस्तक चांगली आहे’ असे लिहिते, कारण घरच्या बोलीत ‘किताब’ स्त्रीलिंगी आहे. उर्दूत लिंगे दोन, मराठीत तीन. ‘केळी’ची ‘केली’ होते, कारण उर्दूत ‘ळ’ नाही. ही नावड नव्हे, घरच्या भाषेची सवय आहे.

मग पूर्वचाचणी, पंधरा दिवस नेमक्या चुकांचा सराव आणि उत्तरचाचणी. गुण वाढले नाहीत, तर तसेच लिहा. आकडे ही मुलांची अमानत आहे.

कर्ट लेविन यांनी १९४६ साली कृतिसंशोधनाची कल्पना मांडली. स्टीफन कोरी यांनी १९५३च्या पुस्तकातून ती शाळांपुढे ठेवली. शिक्षकाने आपल्या वर्गातला प्रश्न आपणच तपासावा, हा त्यांचा आग्रह.

अहवाल कपाटात जातो. ‘नावडी’चा शिक्का मात्र मुलासोबत दहावीपर्यंत चालतो. म्हणून अम्मी-अब्बांनाही आमची विनंती आहे : ‘तुला मराठी जमतच नाही’ असे म्हणण्याआधी त्याची वही एकदा उघडून पाहा.