फ्लूची लस दरवर्षी का? उत्तर आहे साखरेत!

"डॉक्टर, मागच्या वर्षी फ्लूची लस घेतली होती की! आता परत कशाला?" दोन वर्षांपूर्वी पासष्टीच्या एका मधुमेही काकांनी मला विचारलं. ओपीडीत गर्दी होती. "विषाणू बदलतो हो," एवढंच म्हणून मी पुढचा पेशंट बोलावला. काकांना ते पटलं नाही, त्यांनी लस घेतली नाही. त्या पावसाळ्यात फ्लूनंतर न्यूमोनिया झाला आणि ते नऊ दिवस ॲडमिट होते. तेव्हा अर्धवट राहिलेलं उत्तर आज तुम्हाला देतो.

फ्लूच्या विषाणूवर प्रथिनांचे काटे असतात. त्यांतल्या 'हिमॅग्लुटिनिन' या काट्याने तो आपल्या श्वसनमार्गातल्या पेशींना चिकटतो. या काट्यावर शर्करेच्या साखळ्या असतात. गंमत म्हणजे ही साखर विषाणूची नसतेच. ती बनवायची यंत्रणा त्याच्याकडे नाही. आपल्याच पेशी ती त्याच्यावर चढवतात. त्यामुळे आपल्या प्रतिकारशक्तीला ती घरचीच वाटते आणि तिच्याखाली झाकलेला भाग प्रतिपिंडांच्या, म्हणजे अँटीबॉडीजच्या, हाती लागत नाही.

एच३एन२ हा फ्लू १९६८ साली जगभर पसरला. तेव्हापासून त्याच्या काट्यावर साखर चढण्याच्या जागा वाढत गेल्या. २०१४ च्या सुमारास आणखी एक जागा तयार झाली. लसीसाठी विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवताना नेमकी तीच जागा नाहीशी झाली. २०१६-१७ च्या हंगामात लस कमी पडली, त्याचं हे एक कारण.

म्हणजे लस दरवर्षी तंतोतंत जुळेलच असं नाही. पण आजार गंभीर होण्याचा, ॲडमिट व्हावं लागण्याचा धोका ती कमी करते. मागच्या वर्षीचं संरक्षणही हळूहळू ओसरतं. म्हणून ज्येष्ठांनी, मधुमेह, दमा, हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी आपल्या डॉक्टरांशी बोलून दरवर्षी लस घ्यावी.

"मग चहातली साखर सोडू का?" असं काही जण विचारतात. मधुमेहासाठी जरूर सोडा. विषाणूवरच्या साखरेशी तिचा संबंध नाही.

काका आता मे महिन्यातच फोन करतात, "नवीन लस आली का?" मीही आता पुढचा पेशंट बोलावण्याआधी दोन मिनिटं जास्त देतो. तुमच्या डॉक्टरांकडूनही ती हक्काने मागून घ्या.