गॉडफादर, दोन घटक

दारूचा वास मी शाळेत असतानाच ओळखायला शिकलो. शनिवारी रात्री बाबा गच्चीवर जायचे. वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली आणि स्टीलचा ग्लास घेऊन. खाली आई कुकरच्या शिट्ट्या मोजत असायची. भांडण कधी झालं नाही. त्यावर कुणी बोलायचंच नाही.

आता मी पुण्यात कोड लिहितो आणि माझ्या फ्रिजवर दोन बाटल्या असतात : स्कॉच आणि अमारेतो. आळशी इंजिनियरला झेपेल असं कॉकटेल म्हणजे गॉडफादर. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या जुन्या कृतीत दोन्ही सारखेच होते, ३५-३५ मिली. मला ते फार गोड लागतं, म्हणून स्कॉच ४५, अमारेतो १५. वाटीत गोठवलेला मोठा बर्फ जाड बुडाच्या ग्लासात टाकायचा, वर दोन्ही ओतायचं, चमच्याने पंधरा-वीस सेकंद ढवळायचं. बर्फ वितळेल तेवढंच पाणी. झालं.

गेल्या महिन्यात बाबा राहायला आले आणि बाटल्या लपवायच्या राहून गेल्या. रात्री त्यांनीच एक उघडून हुंगली.

"बदाम?"

"वास बदामाचा. पण बऱ्याचदा जर्दाळूच्या बियांपासून करतात. इटलीतली आहे."

"लहानपणी आम्ही त्या बिया दगडाने फोडून खायचो. एखादी कडू निघायची."

अमारेतोचा अर्थही 'किंचित कडू' असाच आहे, हे मी सांगितलं. मग धीर करून विचारलं, "तुम्हाला करू?"

"नको. तुझ्या बारावीच्या वर्षी सोडली."

मी हिशोब केला. दहा वर्षं. आधी दार लावून अभ्यास, मग हॉस्टेल, मग नोकरी. गच्चीवर कुणी जात नाही, हे मला कळलंच नव्हतं. मित्रांना मात्र मी अजूनही 'आमचे बाबा पितात' असंच सांगत होतो.

"का सोडलीत?"

"तू एकदा पाणी द्यायला वर आलास. तांब्या ठेवलास आणि नाक दाबून उभा राहिलास."

मला हे अजिबात आठवत नाही.

त्यांच्यासाठी तशाच ग्लासात बर्फ आणि लिंबूपाणी केलं. माझा ग्लास घेऊन मी बाल्कनीत जरा लांबच बसलो. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"आईला माहीत होतं?"

"तिनेच तर तो ग्लास बोहारणीला देऊन टाकला."