साकव गेलाय, तर तो येणार कसा?

‘टाहो’ हा शब्द माझ्या बातमीत नव्हता. मी तो लिहिला नव्हता आणि ती म्हातारी तर रडलीही नव्हती. तरी माझ्या नावाखाली तो छापला गेला. अजूनही कुठल्या मथळ्यात तो शब्द दिसला की माझं डोकं तापतं.

मागची हकिगत सगळ्यांना ठाऊक आहे. जुलै 2021. महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस, महाड पाण्याखाली आणि 22 तारखेला तळियेच्या कोंडाळकरवाडीवर दरड येऊन ऐंशीहून अधिक माणसं गेली. वीज नाही, मोबाइल नाही. गाड्या सुरू झाल्या त्या सगळ्या तळियेकडे वळल्या. ते बरोबरच होतं. मी तेव्हा एका दैनिकाला महाडहून बातम्या पाठवायचो. मला वाटलं, वरंध घाटाखालच्या बाकीच्या वाड्यांचं कोण बघणार? म्हणून शिवथरच्या खोऱ्यात गेलो, शेवटचा टप्पा चिखलातून चालत.

एका वाडीत ती भेटली. वय सत्तरीच्या पुढे. गोठ्याची भिंत पडलेली, लावणी झालेली दोन खाचरं दगडगोट्यांनी भरलेली. पडवीत बसून ती भिजलेली नाचणी सुपात पसरत होती. मी विचारलं, “आजी, पंचनामा झाला का?” ती म्हणाली, “तलाठी अजून आला न्हाय. पन तो येनार कसा? साकव गेलाय. परवा पलीकडं उभा ऱ्हायला, हाका मारून सगळ्यांची खबर घेतली आन् गेला बिचारा.”

हे सगळं मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं, तिला वाचून दाखवलं. “हां, असंच हाय,” म्हणाली. बिरवाडीला येऊन, रेंज मिळाल्यावर, पूर्ण पाठवलं. दुसऱ्या दिवशी जिल्हा पानावर मोठा मथळा: तलाठी फिरकलाच नाही, आजीचा टाहो. खाली तिचं नाव आणि तिचं एकच वाक्य, “तलाठी अजून आला नाही.” साकव गायब. पलीकडून मारलेल्या हाका गायब. ‘बिचारा’ गायब.

मी फोन केला. पलीकडून उत्तर आलं, “मग काय खोटं छापलंय? ती म्हणालीच ना तसं?” म्हणाली होती. हेच मला गिळता येईना. साफ खोटं असतं तर भांडता आलं असतं. अर्ध्या वाक्याशी कसं भांडायचं? मी खुलासा लिहून पाठवला, दोनदा. छापला नाही. इकडे त्या तलाठ्याला कारणे दाखवा नोटीस निघाली. पाणी उतरल्यावर तो वाडीत गेला आणि म्हातारीला एवढंच म्हणाला, “आजी, मी हाका मारल्या त्या विसरलात?” मारलं असतं तरी तिला इतकं लागलं नसतं. शेजारच्या बायका तिला म्हणाल्या, पेपरात नाव यायला हवं होतं ना, आलं. ती घरोघर सांगत फिरली की मी तसं बोलले नाही. वाचता तिला येत नव्हतं. छापलेलं खोडून काढायचं कसं, हे तिला कोण सांगणार?

पुढे मी ते काम सोडलं. आता मुंबईची पत्रकारितेची मुलं सुट्टीत येतात, त्यांना घेऊन खोऱ्यात फिरतो. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये वीस प्रश्नांची यादी असते आणि तिच्यात ‘तुम्हाला तेव्हा कसं वाटलं?’ हा हमखास. तो आधी खोडायला लावतो. 2016 साली सावित्रीचा पूल पडला तेव्हा नदीकाठी नातेवाइकांची वाट बघत बसलेल्या माणसांना हाच प्रश्न विचारताना मी ऐकलाय. कसं वाटणार? त्यापेक्षा विचारा, तुम्ही तेव्हा कुठे होता, हातात काय काम होतं. माणूस बोलू लागतो. वेळ घड्याळाची विचारू नका, गुरं आत घेतली होती का ते विचारा. आणि गावाचं नाव पूर्ण लिहा. इथे कसबे शिवथर आहे, आंबे शिवथर आहे, कुंभे शिवथर आहे. माझ्या बातमीत नुसतं ‘शिवथर’ छापून आलं आणि मदतीची पहिली गाडी दुसऱ्याच शिवथरला जाऊन परतली.

मुलांना शिवथरघळीतही नेतो. समर्थांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला तो इथेच, अशी श्रद्धा आहे. धुळ्याच्या शंकरराव देवांनी 1930 साली ही जागा शोधून काढली. दासबोधात श्रवणावर समास आहे आणि लेखनक्रियेवरही. धबधब्याच्या आवाजात आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे ऐकून लिहिणं म्हणजे काय काम असेल ते मुलांना आपोआप कळतं.

महाडला परतताना चवदार तळ्यावर थांबतो. 20 मार्च 1927 चा सत्याग्रह, आणि लगेच 3 एप्रिलला बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केलं. आपलं म्हणणं आपल्या शब्दांत छापायला आपलं पत्र लागतं. त्या म्हातारीचं कुठलं पत्र?

एवढं सगळं मी तावातावाने सांगतो, पण एक गोष्ट सांगताना अडखळतो. त्या बातमीनंतर आठ दिवसांत तिथे लोखंडी साकव टाकला गेला. डेस्कवरचा माणूस नंतर मला म्हणाला होता, “तुझं पूर्ण वाक्य छापलं असतं तर सगळे म्हणाले असते, बरोबर आहे, जाणार कसा, आणि गप्प बसले असते.” याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. आणि खरं सांगतो, साकवावरून पोरं शाळेत जाताना पाहिली तेव्हा मला बरं वाटलं होतं. त्या दिवशी मला ‘टाहो’चा राग आला नव्हता.

गेल्या वर्षी मुलांना घेऊन त्याच वाडीत गेलो. म्हातारी थकलीय, पण तिने ओळखलं. चहा केला. एका मुलीने तिच्याजवळ बसून छान विचारलं, यादी न बघता. आजी तासभर बोलली, गोठ्याचं, नाचणीचं, त्या रात्रीच्या पाण्याचं. मुलीने सगळं वाचून दाखवलं. आजीने मान हलवली. शेवटी मुलीने विचारलं, “आजी, तुमचं नाव काय लिहू?”

आजीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “नाव नको लिहूस, बाय.”