कापडावरचं भोक

टायफॉइडमधून उठतोय. अंगात त्राण नाही, म्हणून दुपारभर सिम्युलेटरमधल्या हरिकेन विमानावर गोळ्यांच्या खुणा रंगवत बसलो. 1940 च्या ब्रिटनच्या लढाईतलं हे विमान. मागचं धड म्हणजे पोलादी नळ्या, लाकडी पट्ट्या आणि वर ताणलेलं कापड. गोळी बरेचदा आरपार निघून जायची, भोक तेवढं उरायचं. त्यावर ठिगळ चिकटवायचं, डोपचा, म्हणजे कापड घट्ट करणाऱ्या रोगणाचा, हात द्यायचा, की विमान पुन्हा वर. आधी मी भोकांच्या कडा पत्र्यासारख्या चकाकत्या केल्या होत्या. चूकच ती. पुसून उसवलेली सुतं रंगवली. कॉकपिटच्या अगदी मागचं भोक रंगवताना मात्र हात थांबला. असं भोक पडल्यावर त्या रात्री वैमानिकाला झोप लागली असेल का? त्या भोकावर अजून ठिगळ लावलेलं नाही.