कच्च्या डोंगरातलं पाणी

चंद्रतालला जाऊन करायचं काय, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर 'काही नाही' असंच आहे. पोहायला मनाई आहे, आणि नसती तरी त्या पाण्यात पाय घालून वीसपर्यंत आकडे मोजवत नाहीत. होडी नाही. काठावर तंबू ठोकायला बंदी. तंबूंची वस्ती दोन-तीन किलोमीटर अलीकडे, उघड्या माळावर. गाडीही काठापर्यंत जात नाही, शेवटचा टप्पा पायीच. टपरी नाही, भाजलेलं कणीस नाही. वेण्णा तलावावर सुट्ट्या घालवलेल्या माणसाला इथं पहिली दहा मिनिटं हातांचं काय करावं तेच कळत नाही. जेमतेम 49 हेक्टरांच्या या पाण्याचा 2005 मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत समावेश झाला. बंदीबद्दल कुरकुरणारे प्रत्येक तंबूत एक-दोन भेटतात. मला विचाराल तर ती आणखी थोडी कडक असती तरी चाललं असतं.

मग उरतं ते चालणं. तलावाला फेरी मारायची. वाट सोपी, जवळजवळ सपाट. पण उंची सुमारे 4,300 मीटर, म्हणजे आपल्या 1,646 मीटरच्या कळसूबाईच्या अडीचपटीहून जास्त. हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे एरवी गडाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत तोंड चालू ठेवणारी डोंबिवली-पुण्याची टोळकी इथं आपोआप गप्प होतात. त्यात भक्तिभाव वगैरे काही नसतो, श्वासच पुरत नाही. आमच्यातल्या सांगलीच्या एक काकू सगळ्यांच्या मागून, स्वतःच्या चालीनं, काठीवर भार देत आल्या आणि फेरी पुरी करून सर्वांत ताज्या राहिल्या. पळत सुटलेली तरुण पोरं डोकं धरून दगडावर बसली होती. "अरे, हळू चाला की जरा, तळं काय पळून जातंय होय?" एवढंच त्या म्हणाल्या.

तिथवर पोचणंही तसं सरळ नाही. मनालीहून अटल बोगद्यातून नाहीतर रोहतांगवरून ग्रांफूला यायचं आणि तिथून चंद्रा नदीच्या काठानं बातलपर्यंत हाडं खिळखिळी करून घ्यायची. हमटा खिंडीचा ट्रेक करणारे छत्रूला उतरतात आणि तिथून याच रस्त्याला लागतात. हा रस्ता बरेचदा रस्ता नसतोच. ओढ्यानं टाकलेल्या गोट्यांमधून आधीच्या गाडीनं काढलेली ती चाकोरी असते. दोन्ही बाजूंना डोंगर आहेत म्हणायचे, पण निम्मे डोंगर खाली सांडलेले.

या सांडलेल्या डोंगरांची सवय व्हायला सह्याद्रीतल्या माणसाला वेळ लागतो. आपला कातळ जुना. लाव्हाचे थर बसून गार झाले त्याला साडेसहा कोटी वर्षं होऊन गेली, तेव्हा हिमालयाची घडी पडायला सुरुवातही झाली नव्हती. आपल्याकडे कातळटप्पा आला की खोबणीत बोटं घालायची आणि अंग सोपवून द्यायचं. पावसाळ्यात शेवाळानं फसवलं तर फसवलं, कातळ सहसा फसवत नाही. इथं तसा भरवसा ठेवायला काहीच नाही. तलाव आणि चंद्रा नदी यांच्या मधोमध एक बुटकी टेकडी आहे. वरून दोन्ही पाणी दिसतील म्हणून मी ती चढायला घेतली. पाऊल टाकलं की दगडांचा अख्खा थर वीतभर खाली यायचा, मी त्याच्याबरोबर. हातात आलेला दगड तळहाताएवढा, एका बाजूनं धारदार, दुसऱ्या बाजूनं गुळगुळीत, आणि त्या गुळगुळीत अंगावर एकमेकींना समांतर बारीक चरे. हिमनदीच्या तळाशी अडकलेले खडे पुढे रेटले जाताना खालच्या दगडावर असे चरे पाडतात. ते ओरखडे खरोखर बर्फाचे की नुसत्या घसरणीचे, हे सांगण्याइतका मी जाणकार नाही, पण अंगठा त्यावरून बराच वेळ फिरत राहिला.

हिमयुगाच्या उतरत्या काळात, साधारण पंधरा हजार वर्षांपूर्वी, ही दरी बर्फानं भरलेली होती. बर्फ हटत गेला तसा त्यानं कोरलेला खोलगा उघडा पडला आणि ओढून आणलेला दगडमातीचा पसारा तिथंच राहिला. भूगोलाच्या पुस्तकात त्याला हिमोढ म्हणतात. खोलग्यात पाणी साचलं. इथली सगळी शोभा या पडझडीतून आलेली आहे, हे एकदा ध्यानात आलं की तलावाकडे बघण्याची तऱ्हाच बदलते.

टेकडीवरून ते नीटच दिसतं. एका हाताला चंद्रा नदी, हिमनद्यांनी दळलेल्या खडकाचं पीठ घेऊन वाहणारी, राखाडी, गढूळ. दुसऱ्या हाताला, हाकेच्या अंतरावर, तळं स्वच्छ निळं. दोघांचं मूळ बर्फातच आहे, पण तळ्याला नजरेत भरेल असा मोठा ओढा येऊन मिळत नाही. पाणी जमिनीखालून, दगडांच्या फटींतून झिरपत येतं, आणि गाळ वाटेतच राहतो. काठाशी तर पाण्याला रंगच नसतो. तळाचा एकेक खडा मोजून घ्यावा. चार हात आत पाणी पोपटी होतं, पुढे मोरपंखी, आणि मध्यावर असा निळा की फोटोत तो कुणालाच खरा वाटत नाही. ढग आला की पाच मिनिटांत सगळं शिशासारखं.

पलीकडच्या शिखरांना धड नावंसुद्धा नाहीत. चंद्रा-भागा गटातली म्हणून सीबी, आणि पुढे आकडा: सीबी 13 वगैरे. आपल्याकडे माणूसभर उंचीच्या सुळक्यालाही नवरा-नवरी, करवली करून टाकतात. इथं सहा हजार मीटरच्या वरचा डोंगर आणि त्याला गोदामातल्या पेटीसारखा नंबर. गोष्टी आहेत त्या पाण्याच्या. इंद्राचा रथ युधिष्ठिराला न्यायला इथंच उतरला म्हणतात. चंद्राची मुलगी चंद्रा आणि सूर्याचा मुलगा भागा यांची प्रेमकथाही आहे. या दोन नद्या तांदीला एकत्र येतात आणि चंद्रभागा, म्हणजे चिनाब, होऊन पुढे जातात. चंद्रभागा म्हटलं की मराठी माणसाचं मन पंढरपूरला जाऊन येणारच, माझंही गेलं. त्याला निमित्तही काठावरच होतं: चक्रवाकाची जोडी, नारिंगी-तपकिरी, आमची दखल न घेता उथळ पाण्यात चरत होती. हिमालयातल्या आणि तिबेटातल्या अशाच तळ्यांच्या आसपास उन्हाळा काढून हे पक्षी थंडीत खाली उतरतात, आणि त्यांतले कितीतरी भिगवणला उजनीच्या पाण्यावर, भीमेवर येऊन राहतात. तीच भीमा पुढे पंढरपुरात चंद्रभागा म्हणवते. हीच जोडी तिथं येत असेल असा माझा दावा नाही.

तलावाच्या वरच्या अंगाला चालत गेलं तर समुद्र टापू हिमनदीच्या दिशेची दरी उघडते. आणखी पुढे टोकपो योंगमा आणि टोकपो गोंगमा हे ओढे ओलांडत बारालाचा खिंडीकडे, सूरजतालाकडे जाणारी वाट आहे. त्या वाटेनं आम्ही थोडंच गेलो. गद्दी मेंढपाळांनी रचलेले दगडांचे आडोसे दिसले, मेंढ्यांच्या लेंड्या, विझलेली चूल. या डोंगराची वर्षानुवर्षांची ओळख असलेले लोक म्हणजे हेच. अलीकडे त्यांच्या जोडीला शास्त्रज्ञ आले. गोव्यात वास्कोला असलेल्या ध्रुवीय संशोधन केंद्रानं 2016 मध्ये चंद्रेच्या खोऱ्यात 'हिमांश' नावाचं ठाणं उभारलं. समुद्रकाठच्या संस्थेतले लोक इथं येऊन सुतरी ढाका, बातल, समुद्र टापू या हिमनद्या मोजतात, याची मला गंमत वाटते.

मोजून निघतं ते मात्र गमतीचं नाही. समुद्र टापूच्या तोंडाशी बर्फ मागे सरतोय तशी नवी तळी फुगताहेत. याच खोऱ्यात सिस्सूच्या वरच्या बाजूला असलेलं घेपांग घाटचं तळं इस्रोच्या उपग्रहचित्रांत 1989 मध्ये 36.49 हेक्टरांचं होतं, 2022 मध्ये 101.30 हेक्टरांचं. अशा तळ्याला आवरून धरणारा बांध म्हणजे तोच सुटा हिमोढ, माझ्या पायाखालून वीतभर घसरणारा. ऑक्टोबर 2023 मध्ये सिक्कीमचं दक्षिण ल्होनाक तळं फुटलं तेव्हा चुंगथांगचं धरण वाहून गेलं. चंद्रताल त्या जातीचं नाही. ते आज कुठल्या हिमनदीच्या तोंडाशी नाही, त्याचं वाढणं कधीच संपलं. तरी काठावर बसून ते बघताना, हे त्या फुगणाऱ्या तळ्यांचंच वयस्क भावंड आहे, हे मनातून जात नाही.

परतीची वेळ आमच्या हातात नव्हती, ड्रायव्हरच्याही नव्हती. ती ओढ्यांच्या हातात. रात्री वर सगळं गोठतं, म्हणून सकाळी ओढे रोडावलेले असतात. ऊन चढलं की बर्फ वितळायला लागतो आणि दुपारी रस्त्यावरून गुडघाभर पाणी धावतं. "नाला दोपहर के बाद किसी की नहीं सुनता, सरजी," ड्रायव्हर आदल्या रात्रीपासून बजावत होता. जुलै 2023 मध्ये पाऊस आणि बर्फ एकदम कोसळले तेव्हा जवळपास तीनशे पर्यटक इथल्या तंबूंत दिवसेंदिवस अडकून पडले होते. ती गोष्ट त्यानं दोनदा सांगितली. आम्ही तरीही तासभर उशीर केलाच. एकाला वरच्या कड्यावर भरल, म्हणजे रानमेंढी, दिसल्याचा भास झाला होता आणि मग दुर्बीण हातोहात फिरली.

बातलच्या अलीकडे नाला चढलेला होता. पाच-सहा गाड्या खोळंबलेल्या, एक ड्रायव्हर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात काठी खुपसत होता, बाकीचे काठावरून त्याला परस्परविरोधी सूचना देत होते. काकूंनी पिशवीतून भडंगाचा पुडा काढला आणि खोळंबलेल्या सगळ्यांना, काझाकडून आलेल्या फौजी ट्रकच्या जवानांनासुद्धा, मूठ मूठ वाटून टाकला. ट्रक आधी गेला. त्याच्या चाकांनी दोन मोठे धोंडे बाजूला सारले, पाण्याचा आवाज जरासा बदलला, आणि आमच्या ड्रायव्हरनं काचा वर घ्यायला सांगितल्या.